पाच हात रंग

२ तारीख, सकाळी ७
मोठ्या साहेबांनी विमानाच्या पंखाचं नमुना पॅनल रंगवायला माझ्याकडे दिलं. शुक्रवारी लॅबमध्ये त्यावर कृत्रिम वीज पाडणार. पास झालं की पेंटशॉपचा इनचार्ज मी. साहेब तसं म्हणाले नाहीत, पण माझ्याकडे बघून खोकले.

३ तारीख
पॅनल कार्बनचं. वर तांब्याची बारीक जाळी. वीज तिच्यावरून पसरून निघून जाते. ड्रॉइंगमध्ये रंगाचे दोनच हात लिहिलेत. दोन हातांत जाळीचे चौकोन दिसतात. विमान आहे की पिठाची चाळण?
संकल्प: हयगय नाही. पाच हात.

४ तारीख
तिसरा, चौथा हात. जाळी बसवणाऱ्या ताई बघून गेल्या. म्हणाल्या, दादा, विजेला हातपाय पसरू द्यायचे असतात. वर एवढं जाड पांघरूण घातलंत तर ती एकाच जागी भोक पाडून आत शिरेल. जाडी मोजलीत का? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांतच मीटर आहे. मग चष्मा कशाला, म्हणाल्या.
लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

संध्याकाळी
घरी ताईंचं बोलणं सांगितलं. बायको म्हणाली, ऐक ना जरा त्यांचं. लेकीने विचारलं, विमानावर वीज पडली तर आतल्या माणसांचं काय? मी म्हटलं, बाबा आहे ना. ती निर्धास्त होऊन अभ्यासाला बसली. बायको माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

५ तारीख
पाचवा हात. पॅनलमध्ये तोंड दिसतं. इनचार्जसारखं दिसण्याचा सराव केला. हसू कमी, मान किंचित तिरकी.
सासऱ्यांना फोन करून बढतीचं सांगून टाकलं.

६ तारीख, शुक्रवार
टेस्ट. एकच कडाड. शेजारी तुलनेला दोन हातांचं पॅनल होतं, त्यावर नुसता काळा डाग. माझ्या पॅनलला मुठीएवढं भोक. लॅबवाला म्हणाला, इतक्या चकचकीत भोकाचा फोटो पहिल्यांदाच काढतोय.
मला वाटतं, आमच्या बाजूला वीज जरा जास्त पडली.

९ तारीख
जाळी आणि रंग आता एकाच खात्यात. इनचार्ज: ताई. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. त्यांनी स्प्रेगन काढून घेतली. सध्या माझ्याकडे टेप. जिथे रंग लागायला नको, तिथे चिकटवायची. जबाबदारीचं काम आहे.
बायकोने विचारलं, आज किती हात दिले? म्हटलं, एकही नाही.
शाब्बास, म्हणाली.