झाकण उघडू नोको

माय, शेगडीवर तुझाच जर्मनचा गंज ठेवला आहे, तेच ॲल्युमिनियमचं खोल पातेलं. तळाशी रेती, रेतीवर केकचं भांडं, वर झाकण, झाकणावर निखारे. मघाशी खाणीचा भोंगा वाजला, आणि ही पाळी सुटायची वेळ नाही. धाकटा भाऊ खाली खाणीत आहे. बाबा खाणीच्या फाटकावर गेले. जाताना मला म्हणाले, "तू घरीच राय. तो दुसऱ्या वाटेनं आला तं दाराले कुलूप दिसाले नोको." म्हणून बसले आहे, आणि तुला लिहिते आहे.

मी चौथीत होते तेव्हाही भोंगा असाच अवेळी वाजला होता. खाली बाबा होते. चाळीतल्या बाया फाटकाकडे धावल्या. शेजारची मावशी दारातून म्हणाली, "काऊन वं, तुले काही वाटते का नाई? साहेबिणीसारखी केक करत बसली." तू झाकणावरचे निखारे सारखे केलेस. मला राहवेना, मी झाकणाला हात घातला, तर तुझ्या हातातला चिमटा माझ्या बोटांवर बसला. "उघडू नोको. मधात पाह्यलं का खाली बसते तो." मग बाबा आले, डोक्यापासून पायापर्यंत काळे, पण आपल्या पायांनी चालत. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. तू त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. झाकण काढून गंजावर वाकलीस ती किती तरी वेळ. बूड करपलं होतं. बाबा म्हणाले, "मले पाहाच्या आंधी केक पाह्यते बा ही." सगळे हसले. मला मात्र तुझा राग आला, आणि तू गेल्यावरही तो राहिला.

आता मी मूल गावच्या शाळेत शिकवते. आपल्या घरातली पहिली बी.ए. तिथल्या खोलीवर दर रविवारी केक करते; आज घरी आले म्हणून इथे. सोबतच्या बाई विचारतात, "एवढं शिकून हेच का?" मी त्यांना पोटतिडकीने सांगते, भाकर रोज लागते म्हणून थापावी लागते, केक कोणी मागत नाही. तो आपण आपल्या मनासाठी करतो. लोणी-साखर फेटता फेटता आठवड्याचा सगळा कलकलाट खाली बसतो. आणि एकदा झाकण ठेवलं की आपल्या हाती काही उरत नाही. तेवढा वेळ नुसतं बसायला मी त्यातूनच शिकले. शाळेतल्या पोरींनाही हेच सांगते. सकाळपर्यंत मला ते अगदी पटलेलं होतं. आत्ता नजर सारखी झाकणाकडे जाते. रस्त्याने कोणी धावत गेलं. कोण ते पाहायला मी उठले नाही.

मधे लिहिणं थांबलं होतं. अंगणात सायकल टेकल्याचा आवाज आला आणि धाकटा म्हणाला, "ताई, करपून राह्यलं ना काही तरी." मागून बाबा म्हणाले, "सगळेच वर आले, बाई." मी उठले, पण दाराकडे गेले नाही. झाकण काढलं आणि गंजावर वाकले. गरम वाफ तोंडावर आली; तिच्याआड डोळे वाहिले तरी कोणाला दिसत नव्हते. धाकटा हसला. "पाहा बाबा, भावाच्या आंधी केक."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "थांब जरा. तिले वाकू दे."

हा कागद पुढच्या रविवारी शेगडी पेटवायला होईल. केक मधात बसला आहे, माय. ते येण्याआधी मी एकदा झाकण उघडलं होतं.