बोर्डावर आईचं नाव

नाशिकरोड,
२७ जून २०२५

चि. अश्विन यास,
ताईचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे मजेत. पिंकी पाचवीत गेली. तुझे दाजी बरे आहेत. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस आणि तुझ्या हॉटेलची पायरी मी चढणार नाही. म्हणून हे पत्र शेजारच्या स्नेहाच्या हाती पाठवतेय.

आधी बोर्डाचं बोलू. 'लंकाबाई फॅमिली रेस्टॉरंट'. वर आईचा पांढऱ्या साडीतला फोटो. उद्घाटनाला फीत मीच कापली, आई करायची तसला काळा मसाला मीच कुटून दिला. आतल्या दाराला कुलूप होतं. "गोडाऊन आहे, ताई," म्हणालास. आता त्या गोडाऊनात एसी आहे, निळे दिवे आहेत आणि आईच्या फोटोखाली बारीक अक्षरांत 'परमिट रूम' आलंय. अरे, दर पौर्णिमेला विहारात दारूला न शिवण्याचं पाचवं शील मोठ्यानं म्हणणारी बाई ती! लाज कशी वाटली नाही रे?

तू म्हणशील, जेवणही मिळतं की. मिळतं ना! पण हॉटेलात माणूस पोट भरलं की उठतो. तुझ्याकडं ताट येतं ते गिऱ्हाईक टेबलावर आडवं व्हायच्या बेताला. याला रेस्टॉरंट म्हणतोस होय?

रविवारी दाजी म्हणाले, "अश्विनकडं जेवून येतो." मीच म्हटलं, जा, पिंकीलाही न्या, माझ्या भावाचंच तर आहे. पोरगी उपाशी परत आली. तासभर खारे शेंगदाणे खात बसली होती म्हणे. "मामांनीच पप्पांना ग्लास भरून दिला. म्हणाले, एकच घ्या, घरचंच आहे."

घरचंच? दाजी बरे आहेत, हे वर खोटं लिहिलं. दोन वर्षं थेंब नव्हता. त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा जिन्यात माझ्याशेजारी कोण रडत बसलं होतं? तूच ना? सगळं माहीत असून भरलास मेल्या! रविवारपासून रोज पितात. काल पिंकीनं विचारलं, "मी स्नेहाताईकडं झोपायला जाऊ?" मला नाही म्हणता आलं नाही.

कॉलनीतल्या बाया तुझा बार बंद करायला मतदान मागताहेत. सख्ख्या भावाचं आहे म्हणून अर्ज घेऊन माझ्या दारात कुणी आलंच नाही. आज मीच गेले आणि सही केली. मतदान लागलं तर बंदीच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारीन, चार घरी जाऊन मारायला लावीन. धंदा बसला तर बसू दे.

आईचं नाव उद्या संध्याकाळपर्यंत उतरव. नाहीतर शिडी घेऊन मी येते, भर रस्त्यात. लोकांना बघायचं तर बघू दे.

आणि पिंकी विचारते, मामांना माहीत नव्हतं का? तिला तू येऊन सांग, तिच्या तोंडाकडं बघून.

अजून तरी तुझी ताई,
ज्योत्स्ना