बँकॉकला निघण्याआधी

आसगाव,
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय ईश्वर,

बँकॉकच्या सभेसाठी तुझी निवड झाली, हे कळलं. पाच देशांतली पाणथळ शिक्षण केंद्रं एकत्र बसणार आणि आपल्या आसगावच्या तलाव केंद्राबद्दल माझा धाकटा भाऊ बोलणार! खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. मग तुझ्या भाषणाची प्रत वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणे बेशरमाच्या झुडपांच्या लागवडीने तलावाची पाळ मजबूत झाली, तलाव हिरवागार झाला! काहून रे, दोन वर्षांत एकदा तरी तलावावर फिरकलास का? तू वनखात्यातून नवं शिकून आला होतास. पाळीची माती खचते, बेशरम लावा, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, असं तूच म्हणालास. पहिली फांदी मी माझ्या हाताने खोचली. तलावात आपसूक उगवणारं देवधान झोडून, त्याच्या भातावर पोरं वाढवलेली देवकाबाई तेव्हाच म्हणाली होती, "मास्तरीणबाई, हे पाण्यात उतरन." आपण दोघं हसलो. शिकलेली माणसं ना आपण! आज बेशरमाने निम्मा तलाव गिळलाय. देवधान गेलं. शाळेची पोरं पक्षी मोजायला येतात, तर पाणीच दिसत नाही. देवकाबाई रोज विळा घेऊन कापते आणि कापलेली फांदी चिखलात पडली की पुन्हा रुजते.

मी खरं कळवणार हे कानावर गेलं, तसे परवा तुझे साहेब येऊन गेले. घरातली गोष्ट परदेशी लोकांपुढे चव्हाट्यावर मांडाल तर केंद्राची मान्यता काढून घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, खुशाल काढा. खोलीला कुलूप लावा, तलावाला कुठून लावाल? मी पाळीवर बसून शिकवीन. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बरं झालं, दूध कमीच होतं.

पाच देश एकत्र येतात ते काय एकमेकांची पाठ थोपटायला? थायलंडच्या केंद्रातली सुदा मला दोन वर्षांपासून पत्रं लिहिते. शिंगाड्यावरच्या किडीसाठी केलेला तिचा उपाय कसा फसला, हे तिने न लाजता कळवलं, म्हणून आपला शिंगाडा वाचला. आणि गेल्या महिन्यात तिने विचारलंय, बेशरमाच्या फांद्या भावाबरोबर पाठवता का, आमच्याही तलावाला लावू.

म्हणून हे पत्र. काल पवनीला जाऊन मी बाकीच्या चारही केंद्रांना रजिस्टर पोस्टाने खरी हकीकत पाठवली. लावणारी मी, सल्ला माझ्या भावाचा, दोघंही चुकलो, असं नावानिशी लिहिलंय. तुझं नाव गाळता आलं असतं, गाळलं नाही. तुझी बढती अडेल, तू माझ्याशी बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तू उभा राहशील तेव्हा समोरच्या प्रत्येकाने ते वाचलेलं असेल. तुझं विमान तेवीस तारखेचं. शनिवारी एसटीने ये. नवं भाषण देवकाबाई सांगेल, तू मुकाट्याने लिहून घे.

तुझीच, माघार न घेणारी,
रुखमाताई