माझ्या झाडाची शुभाकडची फुलं

३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८ वाजून ४० मिनिटं.

शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, तक्रारीत तारीख आणि वेळ आधी, रडणं नंतर. तारीख आणि वेळ लिहून झाली. रडणार नाहीच.

घटना अशी. माझं विच हेझल, ते हिवाळ्यात फुलणारं झाड, फुललं. मी विकत आणलेलं, मी लावलेलं, मी पाणी घालून वाढवलेलं. फुललं ते शेजारच्या शुभाच्या अंगणात.

झाड हललेलं नाही. बुंधा आमच्याच हद्दीत आहे. पण ज्या फांद्या वाढून कुंपणापलीकडे झुकल्या आहेत, त्या पिवळ्याधमक. पिवळी लोकर बारीक कातरून कुणी काडीकाडीला चिकटवावी, तशी फुलं. खाली बर्फ, वर ती. आणि माझ्या बाजूला नुसता खराटा.

शुभा चहाचा मग घेऊन पलीकडे उभीच होती. नागपूरची आहे, लवकर उठते. म्हणाली, किती गोड वास येतोय नं ताई तुमच्या झाडाचा, तुमच्याकडे येतो का?

येत नाही. वारासुद्धा तिच्या बाजूचा.

३ फेब्रुवारी, दुपार.

एक नोंद राहिली. हे नुसतं फुलांचं प्रकरण नाही.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ह्या घरात स्वयंपाकघर सुनेचं, राधिकाचं, बेसमेंट मुलाच्या, केदारच्या ट्रेडमिलचं, वरची खोली नातीची, आन्याची. देवसुद्धा लॉन्ड्री रूमच्या फडताळात, ड्रायरच्या डोक्यावर. माझा म्हणावा असा मागच्या अंगणातला एक कोपरा, आणि त्यात हे झाड. तो कोपरा केदारला फायर पिटसाठी, म्हणजे शेकोटीच्या खड्ड्यासाठी, हवाय. दिवाळीत त्याने अट घातली. आई, धिस इज द थर्ड विंटर. ह्या वेळी फुललं तर झाड राहील, नाहीतर एप्रिलमध्ये काढून टाकतो.

मी हसून हो म्हटलं. हसण्यासारखंच होतं. पहिल्या हिवाळ्यात झाड नवीन होतं, बुजलं असेल. दुसऱ्या हिवाळ्यात नर्सरीवाल्याची लबाडी. त्याला मी खरमरीत ई-मेल केली होती, तर त्याने उलट मलाच विचारलं, उन्हाळ्यानंतर झाड छाटता का, छाटू नका. मी कळवलं, मी माझ्या झाडाला कात्री लावण्याचा विचारही करत नाही. पुन्हा उत्तर आलं नाही. निरुत्तर झाला.

तिसरा हिवाळा म्हणजे खात्रीचा. त्या खात्रीवर मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकून बसले. शनिवार दहा तारखेला माझ्याकडे हळदीकुंकू, वाणाबरोबर प्रत्येकीला माझ्या बागेतलं, बर्फात उमललेलं फूल.

एकोणीस जणींनी अंगठा वर केलाय. दोघींनी रडकं तोंड, पण त्या ते कशालाही टाकतात.

४ फेब्रुवारी, रविवार.

निश्चय: शुभाशी बोलायचं नाही.

११:१५. बोलले. ती गुळपोळी घेऊन आली होती. गुळपोळीचा प्रश्न वेगळा.

संध्याकाळी पाहणी केली. शुभाच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, नाताळचे दिवे अजून कुंपणावर ठेवलेत. आळस म्हणून सोडून दिलं होतं. आता कळलं. रात्रभर माझ्या फांद्यांना ऊब. शिवाय त्यांच्या कंपोस्टचा ढीग तिथेच, आणि मुळांना कुंपण दिसत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार.

शांत राहायचं ठरवलं. शांतपणे दिगंबररावांना ई-मेल लिहिली. अख्खी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात गेली, तेव्हा मुद्दे कसे मांडायचे ते मला शिकवायला नको. एक, दिवे. दोन, कंपोस्ट. तीन, माझ्या वागणुकीतला आणि त्यांच्या वागणुकीतला फरक. तो तिसरा मुद्दा इथेही उतरवून ठेवते, चांगला उतरलाय.

"ह्याच झाडाचं सोनं मी तीन वर्षं दसऱ्याला अख्ख्या मंडळाला वाटते आहे. अमेरिकेत आपटा नाही म्हणून पूर्वी आपण क्राफ्ट पेपरची पानं कापून एकमेकांना देत होतो, हे आपण विसरला नसाल. हॉल मिळतो त्या शनिवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, माझ्या झाडाची पानं सोन्यासारखी पिवळी असतात. मी ती स्टूलवर चढून तोडते आणि हातचं न राखता देते. सुटं पान नव्हे, चांगली डहाळी, देठासकट. आपल्या सौभाग्यवतींना सगळ्यांत मोठी दिली. मात्र कुंपणापलीकडे झुकलेल्या फांद्यांना मी हात लावला नाही, कारण हद्द म्हणजे हद्द. आपण ही मर्यादा पाळली आहे काय?"

लेखी खुलासा रथसप्तमीपर्यंत. शुक्रवार १६ फेब्रुवारी, सायंकाळी पाच.

राधिका म्हणाली, आई, ते शेजारी आहेत, हाक मारा नं. मी म्हटलं, शेजारी आहेत म्हणूनच लेखी.

आन्याने विचारलं, विच म्हणजे चेटकीण ना? तिला समजावलं की इथे विच म्हणजे जुन्या इंग्रजीत लवचिक, वाकणारं. उच्चारही सुधारला. ओठ गोल कर. ती म्हणाली, सो इट बेंड्स. लाइक यू, आजी. तिच्या बापाला फार हसू आलं.

७ फेब्रुवारी, बुधवार.

दिव्यांच्या उबेने फुलत असेल तर उपाय आमच्याकडेही आहे. गराजमधली एक्स्टेंशन कॉर्ड, राधिकाचा हेअर ड्रायर. मीडियमवर ठेवला, झाडाला भाजायचं नाहीये.

केदारने वरची खिडकी उघडून विचारलं, आई, काय करतेस. मी म्हटलं, तू मीटिंगमध्ये लक्ष दे. तो म्हणाला, मीटिंगलाच दिसतंय.

फूल नाही. घरातला फ्यूज मात्र उडाला. जुनं वायरिंग.

९ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्या हळदीकुंकू. निश्चय: शुभाकडे फुलं मागायची नाहीत. आपलीच फुलं आपण का मागायची? आणायची.

सकाळी छत्रीच्या मुठीत फांदी अडकवून आपल्या बाजूला ओढली. आली. फूल हातात येणार, तोच तिने उसळी घेतली. फुलं तिकडे पडली. छत्रीही तिकडे पडली.

दिगंबररावांनी बेल वाजवून छत्री परत केली. म्हणाले, वहिनी, आज पाऊस नाही. ई-मेलबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही नाही. मुदत अजून आहे.

शेवटी दुकानातून शेवंती आणली. पिवळी. दुरून कळणार नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार, रात्र.

जवळून कळली.

शुभा तबक भरून विच हेझल घेऊन आली. माझ्याच दारात, माझ्याच पाहुण्यांना, माझ्याच झाडाचं एकेक फूल. वर म्हणते कशी, झाड तुमचंच नं ताई, मी फक्त तोडली. सगळ्यांनी फोटो काढले, तिच्याबरोबर. तिळगूळ माझा चांगला झाला होता, त्याचा एक फोटो नाही.

मंडळाच्या अध्यक्ष उत्तराबाई जाताना म्हणाल्या, सोनं सरलाताईंचं आणि फुलं शुभाची, छान वाटणी झाली. बायका हसल्या. मीही हसले. शिष्टाचार म्हणून.

शेवंती आन्याने दाताला लावून बघितली, खरं-खोटं सोनं पारखतात तशी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.

केदार अंगणात टेप घेऊन फिरत होता. बुंध्यापाशी वाकून माप घेतलं. मी खिडकीतून पाहत होते. त्याने वर पाहिलं, मग टेप खिशात घातली आणि उगाचच बर्फ लाथेने सरकवत राहिला.

जेवण गेलं नाही. भाजी खारट होती.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार, रथसप्तमी. सायंकाळी ४:५२.

उत्तर आलं. आठ मिनिटं राखून. हा मनुष्य सरकारी नोकरीत असता तर वर गेला असता. जसंच्या तसं उतरवते.

"वहिनी, दिवे काढायचा आळस झाला, माफी. कंपोस्टमध्ये नुसती केळ्याची सालं आहेत. बाकी आम्ही तुमच्या झाडाला काहीच केलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते आमच्याकडे फुललं. तुमचं दसऱ्याचं सोनं आमच्या देवापाशी अजून आहे. तुमच्याकडेही असेल. पानाच्या देठाजवळ बघा. दिगंबर. ता. क. शुभा सांगतेय, येत्या दसऱ्याला ताईंना स्टूल देऊ नका."

स्टूलचा संबंध कळला नाही.

५:३०. लॉन्ड्री रूममध्ये गेले. फडताळात, समईमागे, माझी डहाळी होती. पानं चुरा झालेली. देठापाशी बारीक बारीक गाठी, मोहरीएवढ्या, झुपक्यांनी. मला त्या कीड वाटल्या होत्या. सोनं वाटायच्या आधी ओल्या फडक्याने पुसल्यासुद्धा होत्या.

शनिवारी शुभाने माझ्या हातात ठेवलेली काडी अजून ताटलीत होती. त्याच गाठी. तिच्यावरच्या उघडलेल्या.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ड्रायर चालू होता. कुणी काही ऐकलं नसावं.

१७ फेब्रुवारी, शनिवार.

शुभाने राधिकाला फोनवर सगळं सांगितलेलं आहे. जेवणाच्या टेबलावर केदार गंभीर तोंड करून बसला होता, पण राधिका त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणजे दोघांचं ठरलेलं.

म्हणाला, आई, झाड फुललं हे मला मान्य आहे. कुठे फुललं हे आपण अटीत लिहिलं नव्हतं. फायर पिट पलीकडच्या कोपऱ्यात करू.

मी म्हटलं, मला उपकार नकोत.

तो म्हणाला, उपकार नाहीत. एक कंडिशन आहे. दसऱ्याला तू झाडापासून दहा फूट लांब राहायचं. आणि हे मला लेखी पाहिजे. उद्या संध्याकाळी पाचच्या आत.

आन्या म्हणाली, ओह, ही लर्न्ड दॅट फ्रॉम यू.

देईन लिहून. कोपरा राहतोय, तेव्हा देईन. पण ह्या प्रकरणात मी एकटीच जबाबदार, असं कुणी समजू नये. मी दिलं, पण घेतलं कुणी? तीन दसरे, दर वर्षी भरलेला हॉल, त्यात दोघी बॉटनीच्या पदवीधर, आणि एकीनेही डहाळी उलटून विचारू नये की सरलाताई, ह्या गाठी कसल्या? सगळ्यांनी सोन्यासारखं राहा म्हटलं आणि माझी फुलं पर्समध्ये टाकली.

उत्तराबाईंना आजच ई-मेल जाईल. मंडळाने मला वेळीच का थांबवलं नाही, ह्याचा लेखी खुलासा शुक्रवार १ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावा. "आम्हाला वाटलं, ताईंना माहीत असेल" हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.