मक्यातला चौक

प्रिय क्लेटस,

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय म्हणून हसू नकोस. कोरा कागद टाकवत नाही. देवाच्या कृपेने भात कापून झाला. थँक्सगिव्हिंगचं जेवण जवळ आलंय आणि तुझी खुर्ची मी याही वर्षी पुसून ठेवलीय. त्यात तुझ्या मेहुण्याने, आमच्या हॉलिसने, असा पराक्रम केलाय की अख्खं गाव हसतंय.

हॉलिसचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. चर्चच्या अंगणातलं गवतसुद्धा कुणी न सांगता कापून येतो. यंदा ओढ्याकाठच्या सखल तुकड्यात त्याने मका लावला, तो फक्त बदकांसाठी. उभ्या मक्यात पाणी सोडायचं आणि बदकं उतरली की शिकार करायची. तेवढं कायद्याला चालतं. पण पाणी सोडायच्या आधी याच्या मनात आलं, पाखरांना उतरायला ऐसपैस जागा नको का? झालं! यंत्र फिरवून मधोमध सुरेख चौक कापला, कणसं तिथेच चिरडली आणि वर पाणी सोडलं.

परवा वन्यजीव खात्याची टॅमसिन आली. माझ्याच रविवारच्या बायबल वर्गात शिकलेली पोर! पाण्यात हात घालून मूठभर दाणे काढले आणि म्हणाली, “हॉलिसकाका, उभं पीक बुडवलं असतंत तर माझं काही म्हणणं नव्हतं. कापून दाणा पाडलात, म्हणजे हे आमिष झालं. सगळा दाणा संपून वर दहा दिवस जाईपर्यंत इथे बंदूक चालवायची नाही.” हा म्हणतो, “अगं पोरी, मी फक्त नीटनेटकं केलं!” तर ती म्हणाली, “हो ना, ताटच वाढून ठेवलंत!” एवढा दाणा काही मोसमभरात संपत नाही. शेजारच्या ओडेललाही तिने मनाई केली, कारण बदकं त्याच्या डोक्यावरूनच आमच्याकडे उतरतात. ओडेल कुंपणावरून ओरडला, “हॉलिस, आता माझं घरही आवरून जा! यंदा मी रिकामाच आहे.”

काल सकाळी हॉलिसने बांधावरून मला हाक मारली. क्लेटस, पाणी दिसतच नव्हतं रे! नुसती बदकांची हिरवी डोकी, आणि काय तो कलकलाट! हातातली कॉफी गार झाली. हॉलिस हळूच म्हणाला, “मी आजवर यांना नेम धरूनच पाहिलं बघ.”

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. लढाईवरून परतलास त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या पहाटे शेतात बदकांवर बार झाले आणि तू टेबलाखाली शिरलास. मग न जेवताच गाडी काढलीस, ती आजतागायत इकडे फिरकला नाहीस. का येत नाहीस, हे आम्ही कधी विचारलं नाही. ठाऊक होतं ना. काल बांधावरून परतताना हॉलिसच म्हणाला, “क्लेटसला लिही. यंदा आपल्याकडे फक्त पंख वाजतील.” मी रोज प्रार्थनेत जे मागत होते, ते देवाने असं दिलं. मक्याचा पाव, रताळी, सगळं तुझ्या आवडीचं करते. ये.

तुझीच, खुर्ची पुसून बसलेली थोरली बहीण,
व्हर्लीन