अबोलीसाठी कोरा कागद

प्रिय अबोली,

खूप आशीर्वाद. मी बरी आहे. वेलिंग्टनच्या वाऱ्याची आता सवय झाली. तुझा गुडघा कसा आहे?

आईच्या माघारी घर विकण्यासाठी तुझ्या नावे मुखत्यारपत्र पाठवलंय. जपानी कागदपत्रांची भाषांतरं करताना मी लोकांना बजावते, की ‘हाकुशी इनिन्जो’, म्हणजे कोरं मुखत्यारपत्र, कुणालाही देऊ नका. त्याच सवयीनं तुझंही ओळन्‌ओळ भरलं. मग वाटलं, सख्ख्या बहिणीवर अविश्वास दाखवला का मी?

म्हणून सोबत एक कोरा कागद, खाली फक्त माझी सही. आईच्या वस्तूंचं काय करायचं ते तूच त्यावर लिही.

मला काही नको, असं लिहिणार होते. ते खरं नाही. किल्ल्या देण्याआधी तिच्या खोलीत माझ्या वतीनं थोडा वेळ बस.

तुझीच,
अनुताई