बर्फाआधीचे दोन शब्द

५ जून २०२४, यवतमाळ
संकल्प: या प्रवासात भाषण नाही. संपूर्ण मौन. चाळीस वर्षं मी बोललो, समाजानं ऐकलं. आता हिमालय बोलेल, मी ऐकेन. (उत्तम वाक्य. परत आल्यावर वापरावं.)

मुलगा अश्वजित आणि सून दीपा मला आणि पत्नी इंदूबाईला मनालीला नेत आहेत. जाता-येताची तिकिटं आली. इंदूबाई आणि ते दोघे एका पीएनआरवर. माझं वेगळं, सहा दिवसांनंतर काढलेलं, आरएसी. विचारलं तर अश्वजित म्हणाला, बाबा, तुमचं मागून ठरलं. मुलं मान द्यायला लाजतात. प्रमुख पाहुण्याची व्यवस्था वेगळीच असते.

इंदूबाईला बर्फ हातात घ्यायचा आहे. लग्नाच्या वर्षी मी तसा शब्द दिला होता म्हणे. चौतीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार? जुलैत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, नंतर डोंगर विसरा. म्हणून ही घाई. ऑपरेशन गेल्या वर्षीच व्हायचं होतं, पण माझी व्याख्यानमाला होती.

६ जून, सकाळी
कॉलर माईक आणि छोटा स्पीकर बॅगेत घेतला. वापरणार नाही. पण साधन जवळ असताना पाळलं तेच खरं मौन. जागा पुरेना, म्हणून इंदूबाईचा स्वेटर काढून ठेवला. जून महिना आहे.

७ जून, रेल्वेत
मौन सुरू. भोपाळनंतर समोरचे गृहस्थ नवसाबद्दल बोलू लागले. पन्नास मिनिटं समजावलं. हे भाषण नव्हे, प्रबोधन. ते कुटुंबासह दुसऱ्या डब्यात गेले. विचार करायला एकांत लागतो.

दीपाच्या कानात वायर होती. काय ऐकतेस विचारलं, तर म्हणाली, बाबा, तुमचंच रेकॉर्डिंग ऐकून राह्यली. पाय हलवत होती. माझ्या बोलण्याला लय आहेच.

१० जून, मनाली, सकाळी ७
ड्रायव्हर दोरजे यानं काल बजावलं होतं: पाचला निघा, उशीर झाला तर वर गाड्यांची रांग लागते. पाचला सगळे तयार. मीसुद्धा.

पण खाली हॉलमध्ये लातूरचे चाळीस पर्यटक चहा पीत बसलेले. चाळीस! घाटंजीत मंडप टाकूनही एवढे जमत नाहीत. दोन शब्द बोलणं भाग होतं. विषय: स्त्रीचा स्वतःचा वेळ. इंदूबाई दोनदा मध्ये आली, अवो, गाडी उभी आहे म्हणाली. तिला खुणेनं अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. एक तास वीस मिनिटं. शेवटी सहा जण उरले, त्यातले दोन वेटर. आभार कोणी मानेना, मीच मानले.

दुपारी ३
बर्फाच्या वाटेवर, मढी नावाच्या थांब्यापाशी अडकलो. दोरजे म्हणाला, पाचला निघालेले बर्फ पाहून परतसुद्धा आले. मग हवा बिघडली आणि पोलिसांनी गाड्या मागे वळवल्या. वर काहीतरी पांढरं दिसत होतं. इंदूबाई गाडीच्या काचेला तळवा लावून बघत राहिली. मी म्हणालो, बर्फ म्हणजे शेवटी गोठलेलं पाणीच. तिनं दुसराही तळवा काचेला लावला. पटलं असावं.

अश्वजित म्हणाला, बाबा, आईनं जिंदगीत एकच गोष्ट मांगली. काहून असे करता? पर्यटनाच्या बाजारीकरणावर त्याला मनालीपर्यंत समजावलं. काच उघडी ठेवून, म्हणजे शेजारच्या गाड्यांनाही लाभ.

११ जून
मंगळवार. या वारी वरचा रस्ता पर्यटकांना नेहमीच बंद. माझा घसाही बंद. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस एक शब्द नाही. दीपानं विचारलं, तीनच? किती काळजी! अश्वजितनं डॉक्टरांचा हात दोनदा हातात घेतला.

जेवताना इंदूबाई बोलली. तासभर. लहानपणी बोरी अरबच्या बाजारात भुशात ठेवलेली बर्फाची लादी उकरून तिनं हात लावला, म्हणून मामानं मारलं होतं. हात घंटाभर गार होता, म्हणाली, मार कवाच थंडा झाला. सगळे हसले. मांडणी विस्कळीत, निष्कर्ष नाही. पण घसा बसल्यामुळे दुरुस्त करता आलं नाही.

१२ जून, सकाळी ८
खोल्या रिकाम्या. दीपाची चिठ्ठी: बाबा, पाचला निघालो. घसा जपा. मला न उठवण्यामागची त्यांची भावना समजते.

नाश्त्याला लातूरकर भेटले. मी नुसते हात जोडले. ते उठून थेट बसमध्ये.

संध्याकाळी ६
आले. इंदूबाईचे तळवे लाल. अंगात दीपाचा स्वेटर. शेवटचा चढ दोरजे आणि अश्वजितनं तिला हातांच्या पाळण्यात उचलून नेलं.

मोबाइलवर पाहिलं. ती बर्फात फतकल मारून बसली आहे. अश्वजित ओरडतो, आई, दोन शब्द बोल! ती ओंजळ वर करून म्हणते, कायले बोलू? ऐकून राह्यली ना मी. मग व्हिडिओत नुसता वारा वाजत राहतो.

ऐकण्याचं वाक्य मूळ माझं आहे, पाच तारखेचं. नोंद करून ठेवतो.

माझ्यासाठी थर्मासमध्ये बर्फ आणला होता. उघडला तर पाणी. इंदूबाई म्हणाली, मीठ टाका अन् गुळण्या करा.

केल्या. मी आत होतो तेव्हा बाहेर ठरलं: तिला अजून बर्फ पाहायचा आहे, चार दिवस मुक्काम वाढवू. अश्वजितनं लगेच फोनवर तिघांची तिकिटं बदलली.

माझं वेगळं असल्यामुळे ते बदलावं लागलं नाही. उद्या दोरजे मला बसवर सोडेल. स्पीकर इंदूबाईनं स्वतः माझ्या बॅगेत भरून दिला. तिचे कपडे तिनं काढून घेतले, आता जागा भरपूर आहे.